खाणीतल्या सुरुंगाचे उडते दगड: धोका मोजायचा कसा?

माळावरचा

टेकडीच्या माथ्यावर खडीची खाण आणि क्रशर. खाणीचं तोंड, म्हणजे दगड फोडतात तो मोकळा कडा, पूर्वेला. आमचं शेत, घर, गोठा पश्चिमेच्या उतारावर, म्हणजे खाणीच्या पाठीमागे. सरळ अंतर ३०० मीटरच्या आसपास, आणि आम्ही माथ्यापेक्षा बरेच खाली.

भिंतीला तडे जातात म्हणून मागे तक्रार झाली होती. तेव्हा खाणवाल्यानं यंत्र आणून कंपनं मोजून घेतली. रिपोर्ट व्यवस्थित आहे, आकडे मर्यादेत आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलं ते कंपनानं नव्हे. दगड आला. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "आमचं तोंड पलीकडं आहे, दगड पलीकडंच जातो. तुमच्याकडं पोरांनी मारला असेल." ३०० मीटर, तेही टेकडीवरून! असं पोरगं गावात असेल तर आधी त्याला भालाफेकीला धाडतो.

प्रश्न सरळ आहे. कंपन मोजायला यंत्र आहे, आवाज मोजायला यंत्र आहे. उडणाऱ्या दगडाचा धोका मोजता येतो का? येत असेल तर कोण मोजतं, कसं मोजतं? या क्षेत्रातले कुणी असतील तर लिहा.

पायवाट

आमच्या तालुक्यातही हेच रडगाणं. वाचतोय.

खदानवाला

विदर्भात उघड्या खदानीत ब्लास्टिंगचं काम बघतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी कंपनाच्या रिपोर्टबद्दल. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे खाणमालकाची नसलेली साधी घरं असतील तर कंपनाची मर्यादा वारंवारतेवर ठरते: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ मध्ये १०, त्यापुढे १५. तुमच्याकडचा रिपोर्ट याच तक्त्याला धरून असणार. तो खरा असू शकतो आणि तरीही दगडाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. उलट कित्येकदा दोन्ही गोष्टी विरुद्ध दिशेनं जातात. दारूची ताकद वर हवेत फुटून गेली तर जमिनीत कमी जाते. कंपन कमी, दगड जास्त.

आता दगड उडतो कसा. तीन वाटा आहेत.

एक, खाणीच्या तोंडातून. पहिल्या रांगेतलं होल (दारू भरायला मारलेलं भोक) आणि मोकळा कडा यांच्यामध्ये जो दगड असतो त्याला बर्डन म्हणतात. आधीच्या सुरुंगानं कडा कुठे खाल्ला गेला असेल तर तिथे बर्डन पातळ पडतं आणि वायू तिथूनच फुटतो. हे दगड समोरच जातात.

दोन, वरच्या तोंडातून. होलमध्ये दारू भरल्यावर वरचा भाग ठासून बंद करतात. ही ठासणी कमी पडली, किंवा माथ्यावरचा दगड आधीच खिळखिळा असला, तर वरची जमीनच खड्डा पाडून उडते. हे दगड कुठेही जातात. पुढे, मागे, बाजूला.

तीन, बंदुकीची नळी. दगड फुटायच्या आत ठासणीच बाहेर फेकली जाते आणि तोंडाजवळचे तुकडे तिच्याबरोबर. होल उभं सरळ असेल तर ते वर जाऊन जवळपासच पडतात, तिरकं असेल तर होल जिकडे झुकलं असेल तिकडे लांब जातात.

म्हणजे "तोंड पलीकडं आहे" हा बचाव फक्त पहिल्या वाटेला लागू. तुमच्याकडे पाठीमागे दगड येतोय, यावरूनच गडबड वरच्या बाजूला आहे हे कळतं. पहिला प्रश्न विचारा: ठासणी किती ठेवता?

मोजायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड्स आणि मूर या दोघांनी २००४ मध्ये मांडलेलं सूत्र बरंच वापरलं जातं. शब्दांत सांगतो. होलच्या दर मीटरमध्ये किती किलो दारू आहे त्याचं वर्गमूळ घ्या, त्याला ठासणीच्या लांबीनं भागा, येईल त्याचा २.६ वा घात करा, आणि एका स्थिरांकानं गुणा. हा स्थिरांक कोळशाच्या वर असलेल्या मऊ मातीदगडाला साधारण १९ येतो, टणक काळ्या दगडाला ७४. तोंडातून फुटणारा दगड काढायचा तर ठासणीच्या जागी बर्डन घाला.

१०० मिमीचं होल, अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण. मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास बसतं. काळ्या दगडात:

ठासणी २.५ मीटर: दगड ७५ मीटर
ठासणी १.५ मीटर: २८० मीटर
ठासणी १ मीटर: ८०० मीटरच्या वर

ठासणीत एक मीटर चोरला की अंतर जवळपास चौपट. माझ्या मते या विषयातलं सगळं एवढ्यातच आलं.

चिंगी

२.६ वा घात बघून दहावीचा पेपर आठवला. साध्या भाषेत सांगा ना, ३०० मीटर जायला दगड सुटतो किती वेगानं?

खदानवाला

@चिंगी, हवेचा अडथळा सोडला आणि ४५ अंशांत सुटला असं धरलं तर सेकंदाला ५४ मीटर, म्हणजे ताशी १९५ किमी. हवेत जवळजवळ ८ सेकंद राहतो. आणि हे सपाट जमिनीवर. धागाकर्ते उतारावर खाली आहेत. माथ्यापासून ६० मीटर खाली असतील तर तोच दगड ३०० ऐवजी ३५० मीटर जाईल. टेकडीवरच्या खाणीला सपाटीवरचं अंतर लावणं म्हणूनच चूक.

भूस्तर

खदानवाला यांचा प्रतिसाद नेमका. दगडाच्या बाजूनं थोडी भर घालते.

आपला काळा दगड म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. एक थर भरीव, घट्ट. त्याच्यावरचा सच्छिद्र, फोडफोड झालेला. मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, ज्याला आम्ही रेड बोल म्हणतो. घाटातल्या रस्त्यांच्या कापणीत लाल रेघ दिसते, तीच. भरीव दगडात उभे सांधेही असतात.

आता होल १० मीटर खोल मारलं आणि मध्ये लाल पट्टा लागला, तर मारणाऱ्याला ते ड्रिलच्या आवाजावरून आणि बाहेर येणाऱ्या भुकटीच्या रंगावरून कळतं. पण ते कुणी लिहून ठेवत नाही. दारू भरताना त्या पट्ट्यासमोरही तेवढीच दारू जाते. सुरुंग उडाला की वायू मऊ पट्ट्यातून पिचकारीसारखा बाहेर. पट्टा लागेल तिथे दारू तोडून मध्ये ठासणी भरायची असते, त्याला डेकिंग म्हणतात. सूत्र कुठलंही घ्या, ते गृहीत धरतं की दगड एकसारखा आहे. दख्खनच्या पठारावर तसा तो क्वचितच मिळतो.

म्हणून "सूत्रानं ७५ मीटर आलं, मग ७६ व्या मीटरला खाट टाकून झोपा" असं कुणी समजू नये.

बत्तीवाला

मी शिकलेला नाय, पण सुरुंगावर आयुष्य गेलं. आता घरी. वर लिहिलंय ते बरोबर हाय, पण ते मोठ्या खाणीचं. खडीच्या खाणीत खरा दगूड उडतो तो मोठ्या सुरुंगात नाय, बोल्डर फोडताना. मोठा धोंडा निघाला, क्रशरच्या जबड्यात जात नाय, मग त्याला जॅकहॅमरनं वीतभर होल मारायचं, दारूच्या कांडीचा तुकडा घालायचा, वर मूठभर माती. धोंड्याला चारी बाजूनं मोकळं. तो कुठं जाईल सांगता येत नाय. त्याच्यापेक्षा वाईट म्हंजे होल न मारता धोंड्यावर कांडी ठेवून वरनं चिखल थापतात ते.

आता पोकलेनला ब्रेकर लावून धोंडे फोडता येतात. दगूड उडायचा प्रश्नच मिटला. माळावरच्या भाऊंनी बघावं, दगूड येतो तो मोठ्या सुरुंगाच्या दिवशी का दुपारच्या बारक्या टपटपीच्या वेळी.

दुसरं, ठासणीला काय भरतात. होलमधनं निघालेली भुकटी तिथंच पडलेली असती, तीच परत ढकलतात. भुकटी धरत नाय, पिठासारखी सुटती. बारीक खडी पायजे, कोनाची. ती एकमेकात अडकून बसती. क्रशरवर खडीला काय तोटा? पण खाली जाऊन पाटी आणायचा कंटाळा.

क्रशरवाला

सगळे एका बाजूनं लिहितायत म्हणून दुसरी बाजू. आमची खाण आहे, परवाने आहेत, लायसनवाला ब्लास्टर आहे. खडी सगळ्यांना हवी. महामार्गाला हवी, घराच्या स्लॅबला हवी. खाण नको फक्त. आमच्याकडे तर खाण आधी आली आणि घरं नंतर आली.

ठासणी वाढवा म्हणणं सोपं. वरच्या अडीच मीटरमध्ये दारूच नसेल तर तिथला दगड फुटत नाही, मोठे मोठे धोंडे निघतात. मग ब्रेकर लावा, त्याचं भाडं तासावर. सगळा हिशोब तिथे बसतो. लबाडी म्हणून कुणी ठासणी कमी करत नाही.

बत्तीवाला

@क्रशरवाला, शेट, धोंड्याचं खरं हाय. पण त्याला विलाज हाय. दोन मोठ्या होलांच्या मधल्या जागेत बारकी होलं मारून थोडी थोडी दारू द्यायची. मेहनत जास्त, दारू तेवढीच.

खदानवाला

@क्रशरवाला यांनी जे कारण दिलंय ते प्रामाणिक आहे, आणि तेच मूळ आहे. माथ्यावरचे धोंडे टाळायला ठासणी चोरायची, आणि चोरलेली ठासणी शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन पडते. ब्रेकरचं भाडं कुणीतरी भरतंच. प्रश्न कोण भरतं एवढाच.

अजून एक, पावसाळ्याचं. होलमध्ये पाणी असलं की अमोनियम नायट्रेटचं मिश्रण चालत नाही, विरघळतं. मग इमल्शन भरतात, म्हणजे पाण्यात टिकणारं लगद्यासारखं स्फोटक. ते वजनदार असतं, त्याच १०० मिमीच्या होलमध्ये मीटरला ९ किलो बसतं. ठासणी तीच २.५ मीटर ठेवली तर वरच्या सूत्रानं ७५ चे १२० मीटर होतात. पावसाळ्यात दगड जास्त लांब येतो असं गावकरी सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

नियमबुक

कायद्याची बाजू थोडक्यात. दगडाची खाण ही गौण खनिजाची असली, पट्टा जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेला असला, तरी खाण सुरक्षेचा केंद्रीय कायदा तिला लागू होतो (२०२५ पर्यंत खाण अधिनियम १९५२, आता त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२०). म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्यांचं कार्यालय नागपूरलाही आहे. स्फोटकांचा परवाना, साठा, वाहतूक हे पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), त्यांचं तर मुख्यालयच नागपूरला.

अंतरांचा घोळ लक्षात घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये दगडखाणीसाठी वस्तीपासून किमान अंतर सुचवलं: सुरुंग असेल तर २०० मीटर, नसेल तर १००. आणि कोळसा खाण विनियम २०१७ मध्ये सुरुंगाच्या वेळचं धोक्याचं क्षेत्र ५०० मीटर त्रिज्येचं (हे विनियम कोळशाच्या खाणींचे, दगडखाणींचे वेगळे आहेत). एक अंतर खाण कुठे असावी याचं, दुसरं सुरुंगाच्या क्षणी माणसं कुठे नसावीत याचं. खाणवाला पहिलं दाखवतो, तुमचा प्रश्न दुसऱ्याचा असतो. धोक्याच्या क्षेत्रात दुसऱ्याची पक्की घरं येत असतील तर परवानगीशिवाय मोठा सुरुंग उडवता येत नाही. ती परवानगी आणि तिच्यातल्या अटी माहिती अधिकारात मागा. दारूची मर्यादा, होलचा व्यास, जाळी झाकायची का, हे सहसा अटींमध्ये लिहिलेलं सापडतं.

क्रशरवाला

५०० मीटर म्हटलं तर अर्धा महाराष्ट्र बंद करावा लागेल.

नियमबुक

@क्रशरवाला, बंद नको. त्या वेळेपुरती माणसं आडोशाला जायला हवीत, रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा हवा, आणि भोंगा खरंच ऐकू यायला हवा. वाऱ्याच्या उलट बाजूला भोंगा ऐकू येतो का हे कधी तपासलंय?

पर्थकर

उशिरा आलो. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतच नोकरी. खदानवाल्यांनी सांगितलेलं सूत्र इथे रोजच्या कामात आहे, पण त्याचा अर्धा भाग राहिलाय. सूत्रानं जे अंतर येतं त्याच्यावर यंत्रांसाठी २ चा गुणक लावतात आणि माणसांसाठी ४ चा. म्हणजे वरच्या उदाहरणात ठासणी अगदी व्यवस्थित २.५ मीटर असली, तरी माणसांसाठी ७५ नव्हे, ३०० मीटर. धागाकर्त्याचा गोठा नेमका त्याच रेषेवर आहे, उतार धरला नाही तरी. ठासणी दीड मीटर असेल तर हा आकडा ११०० च्या पुढे जातो.

त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी वाईटात वाईट काय होऊ शकतं याचं सूत्र दिलं होतं. त्यात फक्त होलचा व्यास लागतो: इंचातल्या व्यासाचा दोन-तृतीयांश घात, गुणिले २६०. ४ इंची होलला ६५० मीटर येतात. जॅकहॅमरच्या सव्वा इंची होललासुद्धा ३०० मीटर. बत्तीवाले काका बारक्या सुरुंगाबद्दल सांगतायत त्याला या आकड्याचा आधार आहे.

हे कागदावरचं वाटत असेल तर एक घटना. १९९३ च्या जूनमध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यात कोळशाच्या खाणीतला दगड उडून महामार्गावरच्या चालत्या गाडीवर पडला. आईवडिलांबरोबर प्रवास करणारा १६ वर्षांचा मुलगा गेला. गाडीतल्या माणसांचा खाणीशी काही संबंध नव्हता.

मोजण्याबद्दल: दगड पडला तिथे नुसतं अंतर मोजून भागत नाही, सुटण्याचा वेग मिळाला तर खरं कळतं. त्यासाठी फार खर्चिक यंत्र लागत नाही. बऱ्याच मोबाईलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. सुरुंगाच्या कड्याकडे आडव्या बाजूनं, काटकोनात, सुरक्षित अंतरावरून मोबाईल स्टँडवर ठेवून द्यायचा आणि आपण निघून जायचं. कड्याची उंची माहीत असली की तीच पट्टी. ५४ मीटर वेगाचा दगड दर फ्रेमला साधारण २२ सेंटिमीटर सरकतो. धूळ पसरायच्या आतल्या १०-१५ फ्रेम पुरतात. कॅमेरा तिरका असेल तर वेग कमी दिसतो हे मात्र ध्यानात ठेवा. कड्याची उंची आणि तारीख-वेळ खाणवाल्यानंच दिली तर उत्तम. चोरून करायची ही गोष्ट नाही, आणि सुरुंगाच्या वेळी खाणीजवळ जायचं तर मुळीच नाही.

चिंगी

पण किती मोठा दगड धोक्याचा? बारीक खडा पडला तर काय होतंय?

पर्थकर

@चिंगी, स्फोटातून उडणाऱ्या तुकड्यांसाठी ७९ जूल हा आकडा जगभर जीवघेणा धरतात. सेकंदाला ४० मीटर वेगानं पडणाऱ्या १०० ग्रॅमच्या दगडात तेवढी ऊर्जा असते. काळ्या दगडाचा १०० ग्रॅमचा तुकडा म्हणजे लिंबाएवढा. फार बारीक खडा हवेतच वेग गमावतो, त्याचं भय कमी.

भूस्तर

@माळावरचा, तुमच्या हातातलं एक काम सांगते. पडलेल्या दगडांचा नकाशा करा. ताजा फुटलेला काळा दगड काळसर-करडा, कडा धारदार. शेतातला जुना दगड तपकिरी, पुटं चढलेला. गोंधळ होत नाही. सापडलेला दगड उचलण्याआधी जागेवरच फोटो, मोबाईलवर अक्षांश-रेखांश, मग वजन. नोंद झाली की त्याच्यावर चुना मारा, म्हणजे पुढच्या वेळी तोच परत मोजला जाणार नाही. तारखेसमोर सुरुंग मोठा होता की बारका, तेही. दगड सच्छिद्र आहे की भरीव तेही बघा. सच्छिद्र असेल तर तो बहुधा थराच्या माथ्याचा, म्हणजे पुन्हा वरच्या तोंडाकडेच बोट जातं.

आणि गोठ्यापासून खाणीच्या दिशेनं चालत जात शोधा (सुरुंगाच्या दिवशी नव्हे). लांब आलेला एक दगड म्हणजे जवळ पडलेले कित्येक.

माळावरचा

सगळ्यांचे आभार. भूस्तर यांनी सांगितलं तसं दोन-तीन सुरुंगांनंतर शोधून नोंदी केल्या. बत्तीवाल्या काकांची शंका अर्धी खरी निघाली. बारक्या टपटपीचे दगड आमच्यापर्यंत आलेले दिसले नाहीत, ते माथ्याजवळच पडलेत. आमच्या बाजूला आलेले सगळे मोठ्या सुरुंगाचे, बहुतेक सच्छिद्र, आणि बांधापर्यंत एका पट्ट्यात. पट्टा सरळ खाणीच्या दक्षिण कोपऱ्याकडे जातो. उत्तरेकडे जवळपास काहीच नाही.

नोंदी घेऊन खाणवाल्याकडे गेलो. पोरांचा विषय निघाला नाही. ठासणी किती ठेवता विचारलं तर म्हणाला, "ब्लास्टरला माहीत." ब्लास्टर म्हणाला, "जागेवर बघून ठरवतो." वहीत होलची संख्या आहे, दारूचे किलो आहेत, ठासणीचा रकानाच नाही.

खदानवाला

रकाना नाही ही सगळ्यात कामाची माहिती मिळवलीत. पण होलची संख्या, खोली, व्यास आणि एकूण किलो वहीत असतील तर ठासणी उलट काढता येते. एकूण किलो भागिले होल म्हणजे दर होलची दारू. तिला मीटरच्या किलोंनी भागा, दारूची उंची मिळेल. होलच्या खोलीतून ती वजा करा. उरली ती ठासणी. ६ मीटरच्या होलमध्ये २८ किलो गेले असतील तर वर दीड मीटरच उरतो.

ही सरासरी झाली. दक्षिण कोपऱ्यात दगड जास्त येतोय म्हणजे तिथे माथा झिजलेला किंवा खिळखिळा असणार. तिथल्या होलना बाकीच्यांएवढीच दारू दिली की ठासणी लांबीला पुरेशी दिसते आणि कामाला कमी पडते. त्या कोपऱ्यातल्या रांगा वेगळ्या भरायला सांगा, आणि अर्जात नेमकं हेच लिहा. "दगड येतात, बंदोबस्त करावा" असा अर्ज फायलीत जातो. "दक्षिण कोपऱ्यातली ठासणी तपासावी, वहीत तिची नोंद ठेवायला लावावी" या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

माळावरचा

जाळी टाकून झाकतात म्हणे. ती मागू का?

बत्तीवाला

मागा, पण नीट मागा. होलाच्या तोंडावर वाळूची पोती, त्याच्यावर लोखंडी जाळी, जाळीवर परत पोती. जुने कन्व्हेअरचे पट्टे बी चालतात. नुसती जाळी पसरली तर जाळीच उडून येती. आणि वायरी जोडून झाल्यावर वरनं ओढाताण करू नये, कनेक्शन तुटलं तर न उडालेलं होल मागं राहतं, ते दगडापेक्षा वाईट. झाकलं म्हणून ठासणी कमी करत असतील तर मात्र झाकूच नका म्हणावं.

क्रशरवाला

पोती, पट्टे सगळं मान्य. आमच्याकडे वस्तीकडच्या रांगांना आम्ही ते करतोच. ठासणीचा रकाना मात्र आमच्याही वहीत नाही. उद्या आखून घेतो.